तिकडंच राहू दे तुझे तीनशे

नवा राउटर ओसरीत लावून मी लॅपटॉपवर नेटचा वेग मोजत बसलो होतो. आकडा तीनशेच्या पुढं सरकला तसा दादा खूश झाला, पारावरनं आलेले दोघंजण वाकून बघायला लागले, आणि मला राहवलं नाही म्हणून आत आवाज दिला, "आई, तीनशे आले बघ!" उत्तर आलं नाही. परसदारच्या स्वयंपाकघरात गेलो तर आई भाकरी थापत होती. फोन तिखटाच्या डब्याला टेकवलेला, पडद्यावर पुण्याहून माझी भाची बोलत होती आणि बोलता बोलता तोंड उघडं ठेवूनच थिजली होती. आवाज तुटक तुटक, मग तोही बंद. आईनं पिठाचा हात तसाच वर धरला, कोपरानं पडदा सरकवून बघितला आणि मान न वळवता म्हणाली, "तिकडंच राहू दे तुझे तीनशे. मला हितं दोन-चार आले तरी बास."

रागानं नाही म्हणाली. मीठ जरा जास्त झालंय, हे ती ज्या सुरात सांगते त्याच सुरात. पण औशाहून लातूरला परतताना गाडीत ते वाक्य डोक्यातून जाईना. एक तर ती मागत होती ते किती थोडं होतं. व्हॉट्सअॅपच्या व्हिडिओ कॉलला सेकंदाला एक-दोन मेगाबिट मिळाले की काम चालतं. सरकारनं २००४ मध्ये ब्रॉडबँडची किमान पातळी २५६ किलोबिट ठरवली होती, पुढं ती ५१२ झाली आणि २०२३ पासून २ मेगाबिट. म्हणजे कायद्यानं ज्याला ब्रॉडबँड म्हणतात तेवढंच आमच्या आईला चुलीपाशी हवं होतं. आम्ही पैसे भरत होतो तीनशे मेगाबिटचे, आणि त्यातले दोन तिच्यापर्यंत पोचत नव्हते. वर तिचा फोन असा की त्या कोपऱ्यात वायफायची एक काडी दिसते तेवढ्यावर अडून बसतो. ती काडी सोडतही नाही आणि सिमच्या नेटवर जातही नाही. वायफाय बंद केलं की कॉल चालतो हे तिला ठाऊक आहे, पण भाकरी तव्यावर असताना कोण पडद्याशी खेळत बसणार.

राउटर घेताना मी भरपूर वाचलं होतं, व्हिडिओ बघितले होते. त्यात एक गोष्ट हमखास असते, खोक्यावरचा आकडा. आमच्या खोक्यावर एएक्स १५०० लिहिलंय. राउटर रेडिओ लहरींच्या दोन पट्ट्यांवर बोलतो, आणि हे १५०० मेगाबिट म्हणजे पाच गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावरचे १२०१ आणि दोन पूर्णांक चारच्या पट्ट्यावरचे सुमारे ३००, यांची बेरीज. फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर बसतो, त्यामुळं ती बेरीज कुणाच्याच वाट्याला येत नाही. त्यातून तो आकडा हवेतल्या जोडणीचा. फाईल प्रत्यक्षात उतरते तेव्हा त्यातले निम्मे-साठ टक्के हाती लागले तरी चांगलं म्हणायचं. आणि आईचा फोन तर स्वस्तातला, एका अँटेनाचा, फक्त दोन पूर्णांक चारवर चालणारा. त्याची जोडणी फार तर ७२ मेगाबिटची. तिच्यासाठी १५०० चा राउटर काय आणि ३००० चा काय, दोन्ही सारखेच. दुकानात हे कुणी सांगत नाही, कारण दुकानात कुणी आईचा फोन घेऊन जात नाही.

आणखी एक गोष्ट खटकत होती. हे राउटर तपासणारे लोक आपापल्या घरात फिरून वेग मोजतात, इथं इतका आला, तिथं तितका. अमेरिकेतल्या घराची आतली भिंत म्हणजे लाकडी चौकट आणि दोन बाजूंनी जिप्समचे पत्रे, ठोसा मारला तर भोक पडेल अशी. तिच्यातून लहर आरपार जाते. आमच्या वाड्याची भिंत अडीच हाताची आहे. बाहेरून काळा दगड, आतून काळा दगड, मधे मातीची आणि दगडगोट्यांची भर. निजामाच्या काळात बांधलेली. उन्हाळा बाहेर राहावा आणि दरोडेखोरही बाहेर राहावेत, हा तिचा हिशेब. रझाकारांच्या दिवसांत दाराला अडसर लावून अख्खी गल्ली आमच्या माजघरात बसली होती, असं आजी सांगायची. वर माळवद, सागवानी तुळयांवर फळ्या, त्यावर पांढरी माती, आणि दर पावसाळ्याआधी तिच्यावर नवा थर. सत्तर-ऐंशी वर्षं माती चढतच गेलेली.

ते माळवद आणि त्या भिंतीच ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात आमच्या तालुक्यातल्या लोकांच्या अंगावर आल्या. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. चार वाजायला चार मिनिटं होती. किल्लारी आमच्यापासून लांब आहे, तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, त्यामुळं आमचं घर उभं राहिलं, माजघराच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत एक चीर पडली एवढंच. पुढं इंजिनिअर येऊन समजावून गेले की या भिंतीचे दोन पदर एकमेकांना बांधलेले नसतात, आरपार जाणारा लांब दगडच नसतो, त्यामुळं हादरा बसला की दोन्ही पदर फाकतात आणि वरचा मातीचा डोंगर खाली येतो. आईनं ते सगळं ऐकून घेतलं आणि त्या दिवसापासून माळवदाखाली चूल पेटवली नाही. परसात विटांची एक खोली बांधली, वर पत्रा टाकला. उन्हाळ्यात ती खोली तव्याबरोबर तापते. वहिनींनी किती वेळा म्हटलं, आई, आता तीस वर्षं झाली, आत चला. आई म्हणते, "झोपायचं काय, झोपते की. सैपाक नाही."

तर असं आहे की आमचं स्वयंपाकघर राउटरपासून इतकं लांब का, याचं उत्तर भूकंपात आहे. कुठल्या व्हिडिओत हे येणार?

पुढच्या खेपेला मी नीट मोजायला बसलो. पहिलं काम, वायफाय बाजूला ठेवून लॅपटॉप वायरीनं जोडायचा, म्हणजे दारापर्यंत किती येतंय ते कळतं. हे न करताच लोक भांडतात. आमच्या गल्लीत निम्म्या घरांत तक्रार हीच, तीनशेचा प्लॅन घेतला आणि शंभरही येत नाहीत. आकडा विचारला तर त्र्याण्णव, चौऱ्याण्णव. हा आकडा दिसला की समजायचं, लाईनमध्ये काही नाही, डब्याचं पोर्टच, म्हणजे वायर खोचायचं भोकच, शंभराचं आहे. शंभराच्या पोर्टातून वरकड खर्च जाऊन चौऱ्याण्णवच निघतात. स्वस्तातले कितीतरी राउटर खोक्यावर १२०० लिहून मागं शंभराचं पोर्ट देतात. कधी पोर्ट हजाराचं असतं पण वायरीच्या आठ तारांपैकी एखादी तुटलेली असते. हजाराला चारही जोड्या लागतात, शंभराला दोन पुरतात, म्हणून तार तुटली तरी नेट बंद पडत नाही, गुपचूप शंभरावर येतं. शेजारच्या काकांकडं अशीच एक चिमटलेली वायर निघाली. ती बदलल्यापासून त्यांना मी इंजिनिअर वाटतो. मी हिशेबाची कामं करतो.

मग फोनवर एक फुकटचं अॅप घेऊन घरभर फिरलो. ते सिग्नलची ताकद उण्या आकड्यात दाखवतं. ओसरीत उणे ४१, माजघरात उणे ७१, आईच्या ओट्यापाशी उणे ८७. ऐकायला चढउतार साधा वाटतो, पण त्या मोजणीत दर दहाला ताकद दहापट घटते. ओसरीतून माजघरात गेलं की हजारावा भाग उरतो, चुलीपाशी त्याच्याही चाळिसावा. पाच गिगाहर्ट्‌झचा पट्टा तर दुसऱ्या भिंतीनंतर यादीतूनच गायब. दोन पूर्णांक चारचा कसाबसा तग धरतो, पण तोही पावसाळ्यात खचतो, कारण ओली माती लहर जास्त पिते. माझ्यामागं पुतण्या फिरत होता, मोठ्यानं आकडे वाचत. आई म्हणाली, "काय मोजायलास रे घरात? वाटणी करायलास का काय?"

वाटणीच होती ती, एका अर्थानं.

राउटर ओसरीत का बसवला होता? कारण तिथं एक दिवळी आहे. तिथं का, तर नव्वदच्या दशकात घरात फोन आला तेव्हा तो त्याच दिवळीत ठेवला होता, तार आत घ्यायला तिथंच भोक पाडलं होतं, आणि फायबरवाल्या पोरानं तेच भोक वापरलं. तो फोन मला चांगला आठवतो. काळा, जड, डायलला बारकं कुलूप, किल्ली आजोबांच्या जानव्याला. आईच्या माहेराहून फोन आला की ओसरीतून कुणीतरी ओरडायचं, ती हात पुसत येणार, पदर सावरणार, आणि चार परक्या माणसांसमोर आपल्या आईशी बोलणार. "बरंय... हो... सगळे बरे हायत... ठेवते." एवढंच. तिला कधी फोनवर हसताना किंवा रडताना मी बघितलं नाही. मोबाईल आल्यावर पहिल्यांदा कळलं की ही बाई मावशीशी तासभर बोलू शकते, आणि तेही चुलीपुढं बसून. म्हणजे दोन पिढ्यांनी फोनची जागा ठरवताना जे बघितलं, पाहुणे कुठं बसतात आणि घरातला बाप्या माणूस कुठं बसतो, तेच आम्ही राउटरच्या वेळी बघितलं. खरं तर बघितलंही नाही. भोक होतं तिथं बसवला. तसाही दिवळीत राउटर ठेवणं म्हणजे त्याला तीन बाजूंनी दगडात कोंडणं. चार अँटेना वर करून तो उलट्या पडलेल्या किड्यासारखा तिथं बसला होता.

दुकानदारानं उपाय सांगितला होता, मेश घ्या, तीन डब्यांचा संच. पण वायर नसली की ते डबे एकमेकांशी हवेतूनच बोलतात. जी भिंत फोनला अडवते ती दुसऱ्या डब्यालाही अडवते. आत गेलेला डबा पाच काड्या दाखवतो, आणि त्याच्यामागं काहीच नसतं. मेश वायरीनं जोडला तरच अशा घरात अर्थ आहे, आणि वायर न्यायचीच असेल तर मूळ डबाच का हलवू नये, असं माझं म्हणणं. दादाला ते पटेना. त्याचं म्हणणं, एवढा महागाचा डबा मागल्या दाराला कोण टांगतं. वहिनी काहीच बोलल्या नाहीत, पण मागल्या दाराची जागा झाडून फळी पुसून ठेवली होती.

माजघराच्या पुढच्या आणि मागच्या दारांची रेष एकच आहे, चौकातून बघितलं तर परसातलं तुळशीवृंदावन दिसतं. मागल्या दाराच्या चौकटीवर सागवानी फळी आहे, पूर्वी तिच्यावर कंदील असायचा. तिथून समोर उघडं परस, मग स्वयंपाकघराचं दार. पत्र्यातून लहर जात नाही, पण विटेतून बऱ्यापैकी जाते आणि उघड्या दारातून सगळीच जाते. उलट बाजूला माजघर, चौक आणि उरलंसुरलं ओसरीला. शिवाय राउटरच्या माहितीपत्रकात चाळीस अंशांची मर्यादा लिहिलेली असते आणि आमच्याकडं मे महिन्यात सावलीतच एक्केचाळीस-बेचाळीस असतं. पत्र्याखाली तो डबा दुपारी बंद पडला असता. माळवदाखालच्या माजघरात मात्र भर उन्हाळ्यात पांघरूण लागतं. भिंतीनं लहर अडवली, पण डबा थंड ठेवण्याचं कामही तीच करणार होती.

फायबर जोडायला पोरगा निलंग्याकडचा आला होता, आयटीआय झालेला, विशीतला. त्याचा बेत सोपा होता. काचेचा धागा येतोय तिथंच ठेवायचा आणि निळी लॅन केबल माळवदावरून मागं न्यायची. इथं दादा ठाम उभा राहिला. मृगाच्या आधीच्या वळवाच्या पावसात वीज पडून आमचा तो जुना काळा फोन एकदा जळला होता, दिवळीवर काजळी उठली होती, आणि आमच्या भागात विजेनं माणसं-जनावरं दगावल्याची बातमी दर वर्षी असते. तांब्याची तार उघड्या माळवदावर नको. पोरग्यानं मान हलवली, म्हणाला, "मग फायबरच मागं नेऊ मालक, पण आत पोलादी तार नसलेली केबल लागंल, एफआरपीच्या, म्हणजे प्लॅस्टिकसारख्या काड्यांची." असं बोलणारा माणूस मिळाला की मला फार बरं वाटतं.

लिंबाच्या सावलीत पोतं टाकून तो बसला. काळ्या केबलचं साल काढलं, आतून पांढरट धागा निघाला. त्याच्यावरचंही आवरण एका चिमट्यानं एका ओढीत उतरवलं, स्पिरिटच्या कापसानं पुसलं, करकर आवाज आला. उरली ती नुसती काच, १२५ मायक्रॉनची, म्हणजे केसाहून थोडी जाड, आणि तिच्यातला उजेड चालतो तो गाभा जेमतेम नऊ मायक्रॉनचा. वारा आला तसा त्यानं श्वास रोखून धरला, धागा दिसेना, पुन्हा उन्हात चमकला. दोन टोकं त्या छोट्या यंत्रात ठेवून झाकण लावलं. पडद्यावर ती दोन जाड खांब होऊन समोरासमोर आली, जराशी वरखाली झाली, जुळली, मधे ठिणगी पडली आणि खांब एक झाला. पुतण्या, मी आणि पारावरचे ते दोघं, चौघंही डोकी जोडून बघत होतो. पोरग्यानं काचेचे तुकडे मोजून एका बाटलीत टाकले. पायात घुसले तर सापडत नाहीत, म्हणाला. जेसीबीनं रस्ता खणला की असे जोड त्याला दिवसभर मारत बसावे लागतात, नळाची पाईपलाईन आली की त्याची झोप जाते.

या धाग्यावर गल्लीतली बत्तीस घरं एका मूळ तारेतून वाटून घेतात, आणि वाटणारा तो डबा विजेशिवाय चालतो. आरसा-भिंगासारखं काम, नुसता उजेड फोडायचा. त्यामुळं घरच्या डब्याला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावला आणि तालुक्याच्या टोकाला कंपनीच्या यंत्राला बॅटरी असली तर लाईट गेल्यावरही नेट राहतं. आमच्याकडं लाईट जाण्याचं काही कौतुक नाही, पण पंखा बंद, टीव्ही बंद आणि नेट चालू, हे पहिल्यांदा बघताना दादाला जरा विचित्रच वाटलं.

आता कुणी मला राउटर कसा निवडावा विचारलं तर मी खोक्यावरचं काही वाचत नाही. मागं पोर्ट हजाराचं आहे का, दोन पूर्णांक चारचा पट्टा लांबच्या खोलीत कितपत टिकतो, अडॅप्टर हाताला चटका देतो का, बिघडला तर लातुरात बदलून मिळतो की कुरिअर करावं लागतं. आणि एक, जे कुणी तपासत नाही. पुतण्याला त्याच्या गेमचं मोठं अपडेट उतरवायला लावायचं आणि त्याच वेळी कॉल लावायचा. एरवी बारा-पंधरा मिलिसेकंदांत येणारं उत्तर त्या वेळी दोनशेवर जात असेल तर तो राउटर रांग लावायला शिकलेला नाही, अपडेटच्या ढिगामागं कॉल अडकतो, मग वेग कितीही असो. आमच्या नव्या डब्यात रांगेची सोय आहे, पण ती सापडायला मला एक अख्खी संध्याकाळ लागली, आणि मराठीत तर नाहीच, इंग्रजीतही ती कुठल्या नावाखाली दडवली होती ते सांगत बसत नाही.

स्वयंपाकघरात आता उणे ५८ येतात आणि आईच्या फोनवर चाळीसच्या आसपास. तिला त्यातले दोन लागतात. उरलेल्यांवर शेजारची मुलगी नीटचा अभ्यास करते, लातूरच्या क्लासची फी जमली नाही म्हणून घरीच व्हिडिओ बघून. दुपारी परसातल्या पायरीवर येऊन बसते. पासवर्ड आईनं दिला, आम्हाला न विचारता.

ओसरीत मात्र साठच्या वर आकडा जात नाही. पारावरच्या लोकांसमोर दादानं तो बघितला आणि त्याचा चेहरा पडला. मी म्हटलं, दादा, एवढ्या घरात एकदम शंभराच्या वर कुणी वापरत नाही, शंभराचा प्लॅन घेऊ, महिन्याला पैसे वाचतील. वहिनी लगेच हो म्हणाल्या, आई म्हणाली तुमचं तुम्ही बघा. दादा बराच वेळ रिमोटशी चाळा करत बसला.

"गल्लीत सगळ्यांचा तीनशेचा हाय," तो म्हणाला.

प्लॅन तीनशेचाच आहे.